चित्रावरून लावलेले रान

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय कोपऱ्यात, व्हिक्टोरिया राज्याच्या दक्षिण किनाऱ्यावर, वॉर्नमबूल आणि पोर्ट फेरी या दोन गावांच्या मध्ये टॉवर हिल नावाचे एक छोटे अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र जेमतेम सहाशे हेक्टर. ताडोबा-मेळघाट पाहिलेल्या माणसाला ते एखाद्या गावच्या शिवाराएवढे वाटेल. तरीही अरण्यांच्या इतिहासात या रानाला एक वेगळी जागा आहे. आज तिथे उभी असलेली बहुतेक मोठी झाडे माणसांनी लावलेली आहेत, आणि ती लावताना कोणते झाड कुठे होते याचा पुरावा म्हणून १८५५ साली रंगवलेले एक तैलचित्र समोर ठेवले होते. उजाड झालेली टेकडी हिरवी केल्याची उदाहरणे आपल्याकडेही आहेत. चित्रकाराच्या कुंचल्यावर विसंबून वन खाते कामाला लागल्याची उदाहरणे मात्र फार नाहीत.

हे चित्र ज्याने रंगवून घेतले त्या माणसाचे नाव जेम्स डॉसन. याच माणसाने पुढे आणखी एक दस्तऐवज तयार केला. तो होता इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषांचा आणि चालीरीतींचा ग्रंथ. म्हणजे एकाच भूमीची दोन टिपणे एकाच घरातून निघाली: एक झाडांचे, एक माणसांचे. पहिल्या टिपणाला शंभर वर्षांनी सरकारी मान्यता मिळाली. दुसऱ्याच्या वाट्याला काय आले, हे पाहिल्याशिवाय टॉवर हिलचा इतिहास पुरा होत नाही.

राखेखालची कुऱ्हाड

टॉवर हिल ही खरे तर टेकडी नव्हेच. तो एका निद्रिस्त ज्वालामुखीचा तोंडवळा आहे. मराठी वाचकाला विवर आणि त्यातले तळे म्हटले की लोणार आठवते. लोणारचे विवर उल्कापाताने झाले, टॉवर हिलचे जमिनीखालच्या पाण्याने. वर येणारा तप्त शिलारस भूजलाला भिडला, पाण्याची एकाएकी वाफ झाली आणि स्फोटांमागून स्फोट होऊन जमिनीत सुमारे तीन किलोमीटर लांबीची पसरट परात कोरली गेली. अशा विवराला भूशास्त्रात ‘मार’ म्हणतात. पाणी संपल्यावर उद्रेकाची तऱ्हा बदलली आणि परातीच्या मधोमध लहान लहान शंकू उठले. पुढे तळे साचले तेव्हा हे शंकू बेटांसारखे दिसू लागले. विवराच्या कडेवर उभे राहिले की एकाच नजरेत तळे, बेटे, पलीकडची कड आणि तिच्यामागे समुद्र असा देखावा दिसतो.

हे कधी घडले? मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या कालमापनानुसार टॉवर हिलचा उद्रेक सुमारे ३६,८०० वर्षांपूर्वीचा आहे, यात ३,८०० वर्षांचा इकडेतिकडे फरक धरावा. भूशास्त्रातला आणखी एक आकडा म्हणून तो सोडून देता आला असता. पण १९४०च्या दशकात जवळच्याच बुशफील्ड या ठिकाणी ज्वालामुखीच्या राखेच्या थराखाली एक दगडी कुऱ्हाड सापडली होती. राख वरून पडली आणि कुऱ्हाड तिच्याखाली, तर कुऱ्हाडीचा मालक राखेच्या आधीचा असला पाहिजे. कालमापनाचा आकडा हाती आला तेव्हा या साध्या तर्काला वजन आले. हा डोंगर जन्मला तेव्हा त्याच्या आसपास माणसे होती. ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांबद्दल ‘ते इथे हजारो वर्षे राहत होते’ असे आपण सैलपणे बोलतो. इथे तो सैलपणा उरत नाही; माणसे आधी आणि टेकडी नंतर असा क्रम लागतो.

ती माणसे कोण, याचे उत्तर गावाच्या नावात आहे. विवराच्या उत्तर कडेला लागून कोरोइट नावाचे गाव आहे. ते नाव इथल्या कोरोइच गुंडिज या कुळावरून आले. या भागातल्या अनेक कुळांच्या नावांपुढे ‘गुंडिज’ हे पद येते आणि त्याचा अर्थ ‘अमुक ठिकाणचे’ असा होतो. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. पुणेकर, सातारकर, साखळकर अशी आडनावे घेऊन आपण पिढ्यानपिढ्या वावरतो. गाव सुटले तरी आडनावात ते राहते. गुंडिज लोकांचा आणि त्यांच्या भूमीचा संबंधही याच जातीचा, फक्त अधिक घट्ट. तिथे नाव हाच जमिनीचा दस्त होता.

ही माणसे रानोमाळ भटकत मिळेल ते खाऊन जगत, असे चित्र वसाहतीच्या काळात रंगवले गेले. ते किती चुकीचे होते याचा पुरावा टॉवर हिलच्या पश्चिमेला असलेल्या बज बिम या दुसऱ्या ज्वालामुखीच्या परिसरात आहे. त्याच्या लाव्हाच्या खडकांत गुंडिचमारा लोकांनी चर खोदले, बांध घातले आणि ईल मासे पाळण्यासाठी पाणी वळवले. ही व्यवस्था किमान ६,६०० वर्षे जुनी आहे. २०१९ साली युनेस्कोने बज बिमचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. पाण्याचे वाटप, बांधाची डागडुजी, माशांचा हंगाम या गोष्टी जिथे पिढ्यानपिढ्या सांभाळल्या जातात तिथे नियम असतात, हक्क असतात आणि हक्कदारही असतात. ब्रिटिश वसाहतीने मात्र ही जमीन कोणाच्या मालकीची नाही असे गृहीत धरले.

आधी जहाज, मग मेंढ्या

युरोपीय नोंदींत टॉवर हिल पहिल्यांदा येते ते १८०२ साली. फ्रेंच दर्यावर्दी निकोला बोदँ किनाऱ्याने जात असताना त्याला हा उंचवटा दिसला आणि त्याने नकाशावर एक नाव लिहून टाकले. जमिनीवर पाऊल न ठेवता नाव ठेवण्याची ही रीत त्या शतकाला साजेशी होती. फ्रेंच नाव टिकले नाही. पुढे इंग्रजी नाव रूढ झाले आणि कुळाचे नाव गावाला चिकटून राहिले.

खरा बदल १८३४ साली पश्चिमेकडच्या पोर्टलंड बंदरात हेन्टी कुटुंब उतरल्यावर सुरू झाला. सरकारची परवानगी येण्याआधीच मेंढपाळ जमीनदार आत घुसले. त्यांना ‘स्क्वॉटर’ म्हणत. शब्दाचा मूळ अर्थ बेकायदा बसकण मारणारा, पण काही वर्षांतच तो प्रतिष्ठेचा झाला. लोकर इंग्लंडच्या गिरण्यांना हवी होती आणि ज्वालामुखीच्या राखेवर पोसलेली इथली गवताळ मैदाने मेंढ्यांसाठी जणू तयारच होती. या मैदानांत मुर्नाँग नावाचा पिवळ्या फुलांचा कंद उगवे. बायका खणायच्या काठीने तो काढत आणि भाजून खात. रोजच्या जेवणातला तो मोठा आधार होता. मेंढ्यांनी त्याची पाने तर खाल्लीच, मुळेही उकरली. थोड्याच वर्षांत मुर्नाँग दिसेनासा झाला. भुकेल्या माणसांनी मेंढ्या मारल्या की त्याला चोरी म्हटले गेले आणि चोरीला उत्तर बंदुकीने दिले गेले.

१८४०चे दशक हे या भागात उघड संघर्षाचे होते. पश्चिमेकडच्या युमेराला नदीच्या खोऱ्यातल्या चकमकींना आज इतिहासकार युमेराला युद्धे म्हणतात. त्याआधी, १८३९ साली, कॅम्परडाउनजवळच्या एका ओढ्यात जारगुर्द वुरुंग लोकांचा तळ गाफील असताना घेरण्यात आला. पुरुष, बायका, मुले मिळून पस्तीस ते चाळीस माणसे मारली गेली. हल्ल्याचा म्होरक्या फ्रेडरिक टेलर हा एका मेंढवाड्याचा कारभारी होता. चौकशी होणार असे दिसताच तो गलबतात बसून हिंदुस्थानात पळाल्याचे सांगितले जाते. त्याच्या नावाची नदी होती, तिचे नाव नंतर बदलण्यात आले. त्या जागेला मात्र आजही ‘खुनी ओहोळ’ अशा अर्थाचे इंग्रजी नाव आहे.

मेंढपाळांच्या पाठोपाठ शेतकरी आले. १८४३ साली विल्यम रटलेज याने टॉवर हिलच्या परिसरात ५,१२० एकरांचा एक मोठा सलग पट्टा सरकारकडून एकरी एक पौंड दराने घेतला आणि त्यावर कुळे बसवली. ही कुळे बहुतांशी आयरिश होती. त्यांच्या मायदेशी याच दशकात बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ झाला. त्या आयरिश शेतकऱ्यांनी टॉवर हिलच्या काळ्या राखेत बटाटाच लावला, आणि इथे तो असा काही पिकला की कोरोइटचा बटाटा आणि पुढे कांदा दूरच्या बाजारांत जाऊ लागला. ज्यांना इंग्लंडच्या जमीनदारीने देशोधडीला लावले, त्यांनीच पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या कोणाच्या तरी जमिनीवर नांगर धरला. त्यांच्या कष्टाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मिळालेली जमीन मोकळी होती असे त्यांना सांगितले गेले होते, आणि ती मोकळी कशी झाली हे विचारण्याची ऐपत त्यांच्यापैकी फार थोड्यांची होती.

ऑस्ट्रेलियात अशा लोकांना ‘पायोनियर’ म्हणतात. गावोगाव त्यांच्या नावाच्या शिळा आहेत. शब्द मोठा देखणा आहे. फौजेच्या पुढे जाऊन झाडी तोडणारे, वाट करणारे, ते पायोनियर. पण वाट करायची तर तिथे आधी वाट नसली पाहिजे. हा शब्द वापरताच आधीच्या वाटा पुसल्या जातात.

साहित्याच्या वाचकांना कोरोइटची आणखी एक ओळख सांगण्यासारखी आहे. हेन्री हँडेल रिचर्डसन या पुरुषी टोपणनावाने लिहिणाऱ्या कादंबरीकार बाईंचे बालपण काही काळ या गावात गेले. वडील वॉल्टर रिचर्डसन हे डॉक्टर होते. ते मनोरुग्ण झाल्यावर आईने कोरोइटच्या टपाल कचेरीत पोस्टमास्तरकी केली. वडील १८७९ साली वारले आणि टॉवर हिलच्या दफनभूमीत त्यांचे दफन झाले. १९१७ ते १९२९ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या रिचर्ड महोनीवरच्या कादंबरीत्रयीत कोरोइट ‘जिमगुरा’ या नावाने येते. नव्या देशात आलेला, पण तिथे कधीच रुजू न शकलेला माणूस हा त्या त्रयीचा विषय आहे. पायोनियर शिळांवर ज्यांची नावे नसतात अशा आगंतुकांची ती कहाणी.

डॉसनच्या घरी आलेला चित्रकार

जेम्स डॉसन १८०६ साली स्कॉटलंडमध्ये जन्मला आणि १८४० साली पत्नीसह पोर्ट फिलिप, म्हणजे आजच्या मेलबर्नला पोहोचला. पुढे टॉवर हिलच्या उत्तरेला कांगाटाँग नावाच्या मेंढवाड्यावर तो अनेक वर्षे राहिला. तोही स्क्वॉटरच होता. ज्या जमिनीवर त्याच्या मेंढ्या चरत होत्या ती दुसऱ्यांची होती, हे विसरून त्याची स्तुती करता येणार नाही. पण त्याच्या मेंढवाड्यावर मूळ रहिवाशांना थारा होता. त्याची मुलगी इझाबेला त्यांच्या मुलांत वाढली आणि त्यांच्या भाषा बोलू लागली.

१८५५ साली डॉसनने यूजिन फॉन गेरार्ड या चित्रकाराला बोलावले. फॉन गेरार्डचा जन्म १८११ सालचा, व्हिएन्नाचा. कलेचे शिक्षण जर्मनीत ड्यूसेलडॉर्फला. सोन्याच्या आशेने तो १८५२ साली व्हिक्टोरियात आला, बॅलरॅटच्या खाणींवर घाम गाळला, सोने फारसे मिळाले नाही आणि तो पुन्हा चित्रांकडे वळला. तो ज्या परंपरेत घडला तिच्यावर निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्ट याच्या विचारांची छाया होती. निसर्गाचे चित्र काढायचे तर खडकाची जात आणि झाडाची जात ओळखू आली पाहिजे, हा त्या परंपरेचा आग्रह. पानांचा नुसता हिरवा ढीग रंगवून तिथे भागत नसे. डॉसनच्या सांगण्यावरून त्याने टॉवर हिलचे सुमारे सव्वा मीटर रुंदीचे तैलचित्र केले. विवर, तळे, बेटे, त्यांच्यावरची गर्द झाडी, समोरच्या उतारावरच्या वनस्पती, सगळे काही जणू भिंगातून पाहून उतरवलेले.

याच भेटीतली एक गोष्ट कलेच्या इतिहासात फारशी सांगितली जात नाही. कांगाटाँगवर जॉनी नावाचा एक मूळ रहिवासी किशोर होता. डॉसनच्या घरावरून त्याला जॉनी डॉसन किंवा जॉनी कांगाटाँग म्हणत. चित्रकाराच्या हातातला कागद पाहून त्यानेही चित्रे काढली. त्यांत खुद्द फॉन गेरार्डचे एक चित्र आहे. ही चित्रे आज सिडनीला न्यू साउथ वेल्सच्या राज्य ग्रंथालयात जपलेली आहेत. युरोपीय चित्रकार भूमीकडे पाहत होता तेव्हा भूमीतला एक मुलगा त्याच्याकडे पाहत होता, आणि त्याचे पाहणेही कागदावर उतरले. असा पुरावा वसाहतीच्या इतिहासात क्वचित हाती लागतो.

उजाड विवर आणि पुरावा झालेले चित्र

चित्र रंगवले गेले त्यानंतरच्या काळात टॉवर हिलची दशा झाली. सरपणासाठी आणि इमारतींसाठी झाडे तुटली. गुरे आणि मेंढ्या विवरात उतरल्या. काही भागात शेती झाली. शंकूंमधली जाळीदार लाव्हाची खडी रस्त्यांसाठी खणली जाऊ लागली. उतारवयात डॉसनने हे बोडके रूप पाहिले आणि त्याविरुद्ध तक्रार केली. १८९२ साली विधिमंडळाने टॉवर हिलला राष्ट्रीय उद्यान घोषित केले. व्हिक्टोरिया राज्यातले ते पहिले राष्ट्रीय उद्यान. कारभार कोरोइटच्या नगरपालिकेकडे दिला गेला. पण कागदावर उद्यान आणि जमिनीवर चराई व खडी, असाच प्रकार पुढे पन्नास-साठ वर्षे चालला. ‘राखीव’ हा शब्द आणि राखण या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे आपल्या वन खात्याच्या इतिहासावरूनही ठाऊक असलेले सत्य.

१९६१ साली टॉवर हिलला राज्याचे वन्यजीव अभयारण्य म्हणून नवा दर्जा मिळाला आणि झाडे लावण्याचा निर्णय झाला. प्रश्न असा पडला की कोणती झाडे? जिवंत साक्षीदार नव्हते, विवरात बघण्यासारखे फारसे काही उरले नव्हते. तेव्हा फॉन गेरार्डचे चित्र पुढे आले. वनस्पतीतज्ज्ञांनी त्यातली झाडे ओळखली. कुठे मॅना गम, कुठे ब्लॅकवुड, कुठे झुकत्या फांद्यांचे शीओक, तळ्याकाठी कोणते गवत, कोणता बोरू. शाळकरी मुले, निसर्गप्रेमी मंडळे आणि गावकरी हाती रोपे घेऊन विवरात उतरले. पुढच्या काही दशकांत अडीच लाखांहून अधिक झाडे लावली गेली. कांगारू, कोआला, एमू पुन्हा नांदू लागले. १९६६ साली ते चित्र एका बाईंनी सरकारला भेट दिले आणि आज ते वॉर्नमबूलच्या कलादालनात आहे. ज्या मातीचे चित्र तिच्यापासून गाडीने वीस मिनिटांवर.

ही कथा गोड आहे आणि ती अशीच सांगितली जाते: कला, विज्ञान आणि लोकसहभाग यांनी मिळून एक रान परत आणले. त्यात खोटे काही नाही. तरी संशोधकाने इथे थांबून एक प्रश्न विचारायला हवा. परत आणले ते नेमके कोणत्या वर्षीचे रान?

चित्र १८५५ सालचे. तोवर मेंढ्या येऊन पंधरा-वीस वर्षे झाली होती. ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक भागांत मूळ रहिवासी ठरावीक ऋतूत, ठरावीक तुकड्यांत गवत जाळत. त्याने कोवळा चारा फुटे, शिकार जवळ येई, कंद खणायला जमीन मोकळी राही आणि मोठा वणवा पेटत नसे. ती माणसे हटवली गेली की ती आगही विझते आणि झाडोरा आपली घनता बदलू लागतो. म्हणजे फॉन गेरार्डने जे हुबेहूब उतरवले ते ‘मूळ’ रान असेलच असे नाही. माळी नुकताच हाकलला गेलेला बगिचा पाहून एखाद्याने त्याला अस्पर्श अरण्य म्हणावे, तसे हे झाले असण्याचा संभव आहे. चित्रात झाडाची जात दिसते. ते झाड कोणाच्या निगराणीत वाढले, हे दिसत नाही. चित्रकाराचा यात दोष नाही; पण पुरावा म्हणून चित्र वापरणाऱ्याने त्याची ही मर्यादा ओळखली पाहिजे.

दुसरे टिपण

त्या मर्यादेपलीकडचे काही हवे असेल तर डॉसनच्या दुसऱ्या दस्तऐवजाकडे जावे लागते. १८८१ साली मेलबर्नमध्ये त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पश्चिम व्हिक्टोरियातील मूळ रहिवाशांच्या भाषा आणि चालीरीती हा त्याचा विषय. त्यासाठी डॉसन आणि इझाबेला यांनी वर्षानुवर्षे माणसांशी त्यांच्या स्वतःच्या भाषेत बोलून शब्द, नाती, विवाहाचे नियम, ताऱ्यांची नावे, मेजवान्या, शोक यांची टिपणे घेतली. त्या काळातले बहुतेक मानववंशशास्त्र कवट्या मोजत होते. या ग्रंथात माहिती देणाऱ्यांची नावे आहेत आणि त्यांचा मान राखलेला आहे. यारून पारपुर तार्नीन ही प्रमुखपदावरची स्त्री, तिचा नवरा वॉम्बीट तुलावर्न, कीराय वुरुंग लोकांचा प्रमुख कावर्न कुनावर्न, ज्याच्या नावाचा अर्थ ‘फुत्कारणारा हंस’. ज्वालामुखीच्या आगीची लोकांत सांगितली जाणारी आठवणही त्यात टिपलेली आहे. टॉवर हिलच्या राखेखालची कुऱ्हाड सापडली त्याच्या साठाहून अधिक वर्षे आधीची ही नोंद.

ग्रंथ निघाला आणि दोनच वर्षांनी, १८८३ साली, डॉसनचा मित्र वॉम्बीच पुयून कॅम्परडाउनला वारला. डॉसन तेव्हा स्कॉटलंडला गेला होता. परतल्यावर त्याला कळले की मित्राला दफनभूमीबाहेरच्या दलदलीत पुरले आहे. त्याने अस्थी काढून दफनभूमीत नीट दफन केले आणि तिथे उंच दगडी स्तंभ उभारण्यासाठी जिल्ह्यातल्या जमीनदारांकडे वर्गणी मागितली. बहुतेकांनी नकार दिला. ज्यांच्या जमिनीवर त्यांचे वाडे उभे होते त्यांच्या नावाने दगडाचा खर्चही त्यांना पेलवेना. डॉसनने मुख्यतः स्वतःच्या पैशाने तो स्तंभ उभा केला. आजही तो कॅम्परडाउनच्या दफनभूमीत सर्वांत उंच दिसतो. त्यावर दोन साले कोरली आहेत: १८४० आणि १८८३. एका बाजूला गोऱ्या वस्तीची सुरुवात, दुसऱ्या बाजूला वॉम्बीच पुयूनचा मृत्यू. एका समाजाच्या अंताला त्रेचाळीस वर्षे लागली, असे तो दगड सांगतो. वसाहतीच्या भरभराटीच्या काळात, वसाहतीच्याच एका माणसाने केलेला याहून स्पष्ट आरोप मला तरी माहीत नाही.

आणि तरीही त्या दगडावर एक चूक आहे. वॉम्बीच पुयून हा या भागातल्या कुळांतला शेवटचा, असे तो म्हणतो. तो शेवटचा नव्हता. डॉसनच्या ग्रंथातला कावर्न कुनावर्न तेव्हा वॉर्नमबूलच्या ईशान्येला फ्रॅमलिंगहॅम येथे राहत होता, आणि तो एकटा नव्हता. १८६१ साली मूळ रहिवाशांसाठी तिथे सुमारे साडेतीन हजार एकर जमीन राखीव ठेवली होती. १८६७ साली तिथल्या माणसांना पश्चिमेकडच्या दुसऱ्या मिशनवर हलवण्याचा घाट घातला गेला. बरीच माणसे गेली नाहीत, काही गेली ती परत आली. १८८६च्या कायद्याने मिश्र वंशाच्या तरुणांना राखीव वस्त्यांतून बाहेर काढले आणि घरे फोडली. १८९०च्या सुमारास बहुतेक जमीन सरकारने काढून घेतली. लोकांनी अर्ज केले, भांडले आणि सुमारे साडेपाचशे एकर राखले.

‘शेवटचा’ हा शब्द हळहळीचा वाटतो, पण त्याच्या पोटात सोय आहे. शेवटचा माणूस गेला की हक्क सांगणारा कोणी उरत नाही; मग स्मारक उभारता येते, जमीन परत करावी लागत नाही. डॉसनच्या मनात हे नव्हते, असे त्याच्या आयुष्यावरून म्हणता येते. त्याच्या दगडाचा उपयोग मात्र इतरांना तसा करता आला.

आता दोन्ही टिपणे शेजारी ठेवून पाहावीत. १९६१ साली टॉवर हिलमध्ये झाडे लावायला सुरुवात झाली तेव्हा चित्रातल्या रानाला कायद्याने संरक्षण मिळाले. त्याच वेळी, गाडीने तासाभरापेक्षा कमी अंतरावर, फ्रॅमलिंगहॅमचे रहिवासी स्वतःच्या राहत्या जागेचे कायदेशीर मालक नव्हते. १९६७च्या जनमतानंतर देशाच्या शिरगणतीत मूळ रहिवाशांना मोजण्यातला घटनात्मक अडसर दूर झाला. व्हिक्टोरियाने १९७० साली कायदा केला आणि १९७१ साली फ्रॅमलिंगहॅमची जमीन तिथल्या लोकांच्या नावे झाली. झाडांना दहा वर्षे आधी न्याय मिळाला. चित्र पुरावा ठरले, कारण चित्र काही मागत नाही.

आज गेलात तर

मेलबर्नला मुलांकडे जाणारी मराठी मंडळी समुद्राकाठच्या प्रसिद्ध रस्त्याने ‘बारा प्रेषित’ म्हटले जाणारे खडक पाहून बहुधा मागे फिरतात. तिथून पश्चिमेला साधारण तासाभराच्या वाटेवर टॉवर हिल आहे. एका दिशेचा अरुंद रस्ता विवराच्या कडेवरून आत उतरतो. एमू गाडीसमोरून सावकाश जातात, त्यांना घाई नसते. मॅना गमच्या खाचेत कोआला झोपलेला असतो. त्याखालून चालताना हे झाड कोणीतरी, कदाचित चौथी-पाचवीतल्या मुलाने, हाताने लावले आहे हे लक्षात ठेवले तर पाहण्यात फरक पडतो.

मधोमध एक गोलाकार, ज्वालामुखीच्या शंकूची आठवण देणारी दगडी इमारत आहे. ती रॉबिन बॉईड या नामवंत वास्तुविशारदाची. परदेशी झाडे आणि परदेशी घरे यांच्या हव्यासापोटी ऑस्ट्रेलियन माणूस आपल्या भूमीला लाजतो, अशी टीका करणारे बॉईडचे पुस्तक १९६० सालचे. त्याच माणसाने देशी झाडांच्या या पुनर्लागवडीसाठी इमारतीचा आराखडा केला, हा योग समर्पक म्हणावा. ही इमारत आता वर्न गुंडिज या मूळ रहिवाशांच्या संस्थेकडे आहे. तिचे वाटाडे पाहुण्यांना घेऊन फिरतात, कोणते पान कशाला लागते, कोणत्या खोडाची साल कशी काढतात, ते दाखवतात. ‘वर्न गुंडिज’मधला गुंडिज आपल्या ओळखीचा झाला आहेच.

मार्च २०२३ मध्ये संघ न्यायालयाने वॉर्नमबूल येथे बसून नैऋत्य व्हिक्टोरियातल्या मोठ्या भूभागावर ईस्टर्न मार लोकांचा मूलनिवासी भूहक्क मान्य केला. अशा दाव्यांत सिद्ध करावे लागते ते हेच की समाज तुटला नाही, भूमीशी नाते अखंड आहे, परंपरा चालू आहेत. म्हणजे कॅम्परडाउनच्या स्तंभावरचा ‘शेवटचा’ हा शब्द न्यायालयात खोटा पाडावा लागतो. आणि हे करणारे वंशज भाषा पुन्हा शिकताना ज्या शब्दसंग्रहाचा आधार घेतात, त्यांत डॉसन बापलेकीचा १८८१चा ग्रंथ आहे. यारून पारपुर तार्नीनने सांगितलेले शब्द तिच्यानंतरच्या पिढ्यांच्या तोंडी पुन्हा येत आहेत. दुसऱ्या टिपणालाही अखेर वाचक मिळाले, पहिल्यापेक्षा उशिरा.

नैसर्गिक वारसा एका खात्याकडे आणि सांस्कृतिक वारसा दुसऱ्या खात्याकडे, ही आपल्याकडेही चालणारी सरकारी विभागणी टॉवर हिलमध्ये फार काळ टिकत नाही. रान परत लावताना कोणत्या क्षणाकडे परत जायचे हे ठरवावे लागते, आणि तो क्षण ठरवणे म्हणजे त्या क्षणी तिथे कोण होते आणि कोण नव्हते हे ठरवणे. वनस्पतीतज्ज्ञाला एकट्याने ते करता येणार नाही. १८५५ हे चित्राचे साल होते. भूमीचे आरंभसाल म्हणून ते मानण्याचे कारण नाही. विवराच्या कडेवरून खाली पाहताना पायाखाली जी राख असते, तिच्याखाली कुऱ्हाड होती.